खिशातला स्पेअर

६ फेब्रुवारी

धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फेकून देणार, हे मला माहीत आहे. म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो, यात माफी मागितलेली नाही. फेकायचं असेल तर निवांत वाचून फेक.

फोन तू बंद करून ठेवला आहेस. दीड वर्ष झालं, मी तुझा नंबर लावतो आणि एक मुलगी गोड आवाजात सांगते की आपण फोन केलेली व्यक्ती उपलब्ध नाही. आता तिची-माझी इतकी ओळख झाली आहे की एखाद्या दिवशी मी तिचीच खुशाली विचारीन. त्यापेक्षा पोस्ट बरं.

कारण असं, की मला चार दिवस दवाखान्यात ठेवलं होतं. विशेष काही नाही, गॅस झाला होता. ती नऊमजली इमारत आठवते ना, जिच्या लिफ्टचा ब्रेकचा पट्टा आपण दोघांनी मिळून बदलला होता? तिथेच. लिफ्ट बंद, म्हणून मशीन रूमपर्यंत जिन्यानं निघालो. सातव्या मजल्यावर जबडा दुखायला लागला. मला वाटलं अक्कलदाढ येतेय. चोपन्नाव्या वर्षी का होईना अक्कल येतेय म्हणून मी जिन्यातच हसलो. मग डावा हात जड झाला, घाम फुटला, आणि पुढचं मला वॉचमननं सांगितलं.

बरं, गॅस नव्हता. हृदयाच्या एका नळीत त्यांनी बारीकशी जाळी बसवली आहे. दीड महिना जिना नाही, प्रवास नाही, वजन उचलणं नाही. तुझ्या वहिनीनं माझे बूट लपवून ठेवलेत. पोरं आपलं लिफ्टदुरुस्तीचं दुकान सांभाळताहेत, म्हणजे काय ते तू समज.

बाबा एक्कावन्नाव्या वर्षी गेले. तेही मशीन रूमच्या जिन्यात, हातात तेलाचा डबा घेऊन. तू आता अठ्ठेचाळीसचा आहेस. डॉक्टरीण म्हणाली, सख्ख्या भावानं तपासून घ्यायला हवं. तर घे तपासून. सिगारेट सोड. एवढंच सांगायचं होतं.

राहता राहिला त्या संध्याकाळचा विनोद. दुकानाला पंचवीस वर्षं झाली होती, सगळी पोरं जमली होती, मी चारचौघांना हसवलं. तू तर तो डबा फेकलाही नाहीस, गुपचूप खिशात घातलास. मला वाटलं, चला, पचलं. दोन महिन्यांनी बाईंची बदली दूरच्या शाळेत झाली आणि तू बायकोच्या पदरामागे निघून गेलास, तेही मला न सांगता. आता कुठल्याशा टोलेजंग ऑफिसात लिफ्टचा सुपरवायझर झाला आहेस म्हणे. झालास, चांगलं झालं. बाईंना नमस्कार सांग, तुझ्या इंजिनीयरसाहेब लेकाला आशीर्वाद.

दादा


१९ फेब्रुवारी

धाकट्या,

उत्तर आलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, आणि आपण तर दोघेही लिफ्टच्या दोराच्या धंद्यातले.

या वेळी पाकीट जाड आहे, कारण आत कापसात गुंडाळलेली एक बाटली आहे. तपकिरी काचेची, अंगठ्याएवढी. फेकू नकोस. बाबांचा नियम आठव. कामाला निघताना ते आपले दोघांचेही खिसे चाचपायचे. फ्यूज आहे? कॉन्टॅक्ट आहे? बोल्ट आहे? नसला तर परत घरात. ‘बिघाड सांगून येत नाही,’ म्हणायचे, ‘स्पेअर आधी, बढाया मग.’ मी इतक्या वर्षांत तुझ्या खिशात स्पेअर घातल्याशिवाय तुला कधी कामावर पाठवलं नाही. आता तू दूर गेलास म्हणून काय झालं.

मला दोन बाटल्या दिल्या होत्या, त्यातली एक तुझी. छातीत आवळल्यासारखं झालं, जबडा किंवा हात दुखला, की खाली बसायचं. उभं राहायचं नाही, नीट वाच, बसायचं. एक गोळी जिभेखाली ठेवायची, गिळायची नाही. पाच मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरी, आणि लगेच गाडी बोलवायची. बाटली शर्टाच्या खिशात ठेव, पँटच्या नको, बसताना फुटेल. डॉक्टरला विचारूनच घ्यावी हे खरं आहे. पण तू डॉक्टरकडे कधी जाशील ते तुझं तुलाच माहीत. तोवर खिशात असू दे.

दवाखान्याची एक गंमत सांगतो. हृदयाची डॉक्टरीण वयानं माझी लेक शोभेल अशी. घरी सोडताना तिनं बीपी विचारलं, साखर विचारली, सिगारेट विचारली आणि त्याच सुरात आणखी एक प्रश्न विचारला. तुझी वहिनी शेजारीच उभी. मी म्हटलं, ‘छे छे, काहीतरीच काय!’ प्रश्न काय होता ते विचारू नकोस. हृदयाचा आणि त्याचा काय संबंध? तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि कार्डावर लाल शाईनं एक ओळ लिहिली. मी ते कार्ड न वाचता घडी घालून पाकिटात ठेवलं.

आई बरी आहे. तुझं नाव काढलं की ती पदरानं चष्मा पुसत बसते, तेव्हा मी नाव काढत नाही.

दादा


९ मार्च

धाकट्या,

बाटली मिळाल्याची पोचपावती आली, त्यावर सही तुझी होती. ती सही मी आईला दाखवली. इतकंही कुणाला पुरतं.

आज जे लिहायचं आहे, त्यासाठी मी दोन पत्रं वाया घालवली. सरळ लिहितो, मध्ये थांबलो तर पुन्हा जमायचं नाही.

मंगळवारी तपासणीला गेलो होतो. डॉक्टरणीनं तोच प्रश्न परत विचारला. ‘काका, बायकोजवळ जाताना त्रास होतो का? किती दिवसांपासून?’ मी भिंतीवरचं हृदयाचं चित्र बघत बसलो. तुझी वहिनी म्हणाली, ‘अहो, सांगा की.’ मग तीच म्हणाली, ‘चार वर्षं झाली, डॉक्टर. यांना वाटतं, मला कळत नाही.’

मला वाटलं, आता जमीन दुभंगावी. डॉक्टरीण मात्र पेन ठेवून म्हणाली, ‘चार वर्षांपूर्वी माझ्याकडे आला असता तर ही जाळी कदाचित लागलीच नसती.’ तिनं समजावून सांगितलं ते असं. त्या जागेच्या रक्ताच्या नळ्या हृदयाच्या नळ्यांच्या निम्म्यानंही जाड नसतात. आत मेद धरायला लागला की तो सगळीकडेच धरतो, पण बारीक नळी आधी तक्रार करते. जाड नळी दोन-तीन-चार वर्षं दम धरते आणि मग एकदम. प्रत्येकाचं असंच असतं असं नाही, साखर असते, काळजी असते, आणखी कारणं असतात. पण ज्याच्या बापाचं हृदय लवकर गेलं, त्यानं तरी ही तक्रार लाजून दडवू नये.

धाकट्या, हे तर बाबांनी आपल्याला शिकवलं होतं. दोरावरून चिंधी फिरवायची, बारीक तार तुटली असेल तिथे चिंधी अडकते. दोर वरून धडधाकट दिसतो, पण चिंधी अडकली की त्याचं आयुष्य मोजायला घ्यायचं. तीस वर्षं मी हजार दोरांवरून चिंधी फिरवली आणि स्वतःची तार तुटली तेव्हा तोंडावर पांघरूण घेऊन झोपलो. तेही बाहेरच्या खोलीत.

त्या बाहेरच्या खोलीवरूनच पुढचं निघालं. घरी आल्यावर तुझी वहिनी माझं अंथरूण आत नेत होती. आई मटार सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, ‘तुझे बाबापण बाहेर झोपायला लागले होते.’

मी म्हटलं, ‘कधी गं?’

‘जायच्या आधी तीन वर्षं. म्हणायचे, आत उकडतं. ऐन थंडीतही उकडायचं त्यांना.’

‘तू विचारलं नाहीस?’

‘काय विचारायचं? मला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. आपण नकोशा झालो.’ मग बराच वेळ नुसते मटार. ‘अजून तसंच वाटतं,’ ती म्हणाली.

आता तुझं आणि माझं. तू मला त्या नऊमजलीच्या मशीन रूममध्ये विचारलं होतंस. तुझ्या हातात चिंधी होती, दोराकडे बघतच म्हणालास, ‘दादा, तुला कधी असं होतं का रे? म्हणजे... बायकोजवळ.’ किती दिवस मनात घोळवून विचारलं असशील ते आता कळतंय. आणि मी काय म्हटलं? ‘मला? हट! आपण अजून घोडा आहोत.’ धाकट्या, तेव्हा माझ्या पाकिटात त्याच अडचणीवरची गोळी होती. दोन वर्षं मी ती चोरून घेत होतो, तीन स्टॉप पलीकडच्या दुकानातून आणून, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून.

नंतर महिन्याभरात दुकानाचा तो कार्यक्रम. मी माझ्यातलीच त्या गोळ्यांची एक पट्टी स्पेअरच्या डब्यात घातली, वर मार्करनं लिहिलं, ‘स्पेअर. लिफ्ट वर जात नसेल तर वापरा,’ आणि पंधरा पोरांसमोर तुझ्या हातात दिली. बाई दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. तुझं तोंड मला अजून दिसतं. खाई त्याला खवखवे म्हणतात ना, तसं झालं. माझ्याकडे कुणी बोट दाखवू नये म्हणून मी तुझ्याकडे दाखवलं. चुकलो रे. पहिल्या पत्रात लिहिलं होतं की माफी मागितलेली नाही. आता मागतो.

तेव्हा ऐक. तुझ्यात पुरुष म्हणून काही कमी नाही, माझ्यातही नाही. गोळी घेतलीस तर त्यातही लाज नाही, मलाही तिचा उपयोग झाला. पण ती तुटकी तार झाकते, जोडत नाही. म्हणून हृदयाच्या डॉक्टरकडे जा, पट्ट्यावर चालवून तपासतात ती तपासणी करून घे आणि त्याला हेही सांग. मुख्य म्हणजे बाईंना सांग. आईसारखं त्यांनी तीस वर्षं मनात ठेवायला नको.

एक विचारतो. तू कुठे झोपतोस?

दादा


गुरुवार, १३ मार्च
एक्स्प्रेस पोस्ट

धाकट्या,

मी पाठवलेली जिभेखालची गोळी आणि त्या डब्यातली गोळी एकत्र घेऊ नकोस. एका दिवशी नाही, दोन दिवस पुढेमागेही नाही. डब्यातली आत्ता उचल आणि संडासात टाक. मग पुढचं वाच.

टाकलीस? आता सांगतो. आज सकाळी औषधं आणायला गेलो. दुकानदाराला कार्ड दिलं. त्यानं घडी उलगडली आणि लाल शाईतली ती ओळ मोठ्यानं वाचली. म्हणाला, ‘काका, ताकदीच्या त्या गोळ्या घेत नाही ना? जिभेखालच्या गोळीबरोबर त्या पोटात असल्या तर बीपी असं पडतं की माणूस पुन्हा उठत नाही.’ मी नेहमीसारखं ‘छे छे’ म्हटलं. आणि तोंडातून ते निघत असतानाच पाचावर धारण बसली. माझं सोड, मी त्या दुखण्यानंतर त्यातली एकही घेतलेली नाही. पण तुझ्याकडे दोन्ही आहेत. दोन्ही मीच दिल्यात. एक चेष्टेनं आणि एक काळजीनं.

काउंटरवरूनच तुला फोन लावला. ती गोड मुलगी. मग बाईंना लावला. त्या शाळेत होत्या, मागे पोरांचा गलका.

‘भाऊजी? काय झालं? आई ठीक आहेत ना?’

‘आई ठणठणीत. धाकटा कुठाय?’

‘ड्युटीवर. तुमचं नाव घेतलं की चिडतात अजून, पण बाटली मात्र खिशातच असते हं. मी रोज चाचपते.’

‘बाई, त्याला म्हणावं आजच मला फोन कर. गोळ्यांचं बोलायचंय.’

‘छातीच्याच ना?’

दुकानात गर्दी होती. दुकानदार माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, ‘हो. नाही, म्हणजे... पत्र टाकतो मी. पत्र येईपर्यंत...’

‘पत्र येईपर्यंत काय, भाऊजी?’

‘काही नाही. जपा.’

मग काय सुचलं कोण जाणे, मी विचारलं, ‘तो झोपतो कुठे?’ नुसता गलका ऐकू येत होता. मग म्हणाल्या, ‘बाहेरच्या खोलीत. दोन वर्षं होतील.’ मी म्हटलं, ‘बाई, त्याचा तुमच्यावर राग नाही. ते दुखणं आहे. माझ्यावर विश्वास ठेवा.’ त्यांनी फोन ठेवला, बहुधा रडायला.

घरी येऊन बाईंना मेसेज लिहिला. तीनदा लिहिला, तीनदा पुसला. धाकट्या भावाच्या बायकोला मोठ्या दिरानं असलं काय लिहायचं? शिवाय तू त्यांना डब्याचं काय सांगितलंस, काय नाही, मला माहीत नाही. तुझं झाकलेलं मी दुसऱ्यांदा उघडं पाडायचं का? त्यापेक्षा तुलाच सरळ लिहितो. पोस्टातला माणूस म्हणाला, शनिवारी हातात पडेल. सोमवारी मी स्वतः येतोय, डॉक्टरीण काहीही म्हणू दे. वहिनीनं लपवलेले बूट मला सापडलेत.

बाईंच्या फोनवरून आजच फोन कर. शिव्या द्यायला कर, पण कर.

दादा


२ जून

इंजिनीयरसाहेब,

आधी एवढं वाच. पुरुषाला बायकोजवळ जाताना अडचण यायला लागली, तर ती निमूट सोसायची नाही आणि विनोदात उडवायची नाही. डॉक्टरला सांगायचं आणि हृदय तपासून घ्यायचं, आपल्या घराण्यात तर पहिल्याच महिन्यात. त्यासाठीची गोळी आणि छातीसाठी जिभेखाली ठेवायची गोळी एकत्र झाली तर माणूस जाऊ शकतो. तुझे बाबा असे गेले. त्या दोन्ही गोळ्या त्यांना मी दिल्या होत्या.

तुला सांगितलं गेलं की हार्ट अटॅक. कागदावरही तेच आहे. खोटं नाही, पण अर्धं आहे. आख्खं मला आणि तुझ्या आईला ठाऊक आहे, आता तुला. मी तुझ्या बाबांना चार पत्रं लिहिली, त्यांच्या प्रती सोबत आहेत. पहिली तीन त्यांनी वाचली. चौथं एक्स्प्रेसनं टाकलेलं, ते मंगळवारी आलं. घरात माणसं जमली होती, पोस्टमननं ते चपलांच्या ढिगाशेजारी ठेवलं आणि तो निघून गेला. त्या गर्दीत मीही होतो. मीच ते उचललं.

मी अडीच महिने गप्प होतो. तेराव्या दिवशी तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणालास, ‘काका, तुम्ही निदान त्यांना स्पेअर पाठवला होता,’ तेव्हाही मी गप्प होतो. सांगणारच नव्हतो. चोराला वाटतं, कुणी पाहिलं नाही म्हणजे झालं.

गेल्या रविवारी तुझी आई इथे आली. तुला माहीतच आहे, शाळेला सुट्टी लागली म्हणून. तिच्याजवळ बाबांची हत्यारांची पिशवी होती. चहा झाल्यावर तिनं पिशवीतून एक छोटा डबा काढून टेबलावर ठेवला. वर मार्करनं लिहिलेलं अजून तसंच होतं. आत पट्टी होती, चार घरांतलं एक रिकामं.

‘भाऊजी, हे अक्षर तुमचंच ना?’

खोलीत तुझी आजी होती, काकू होती. मी सगळं सांगितलं. मशीन रूमपासून औषधाच्या दुकानापर्यंत, काही न वगळता. आई, बायको आणि धाकटी भावजय, या तिघींसमोर मी आयुष्यात पहिल्यांदा त्या दुखण्याचं नाव घेतलं. छप्पर कोसळलं नाही. काकूनं नुसता पंखा वाढवला.

मग तुझ्या आईनं बाबा गेले त्या रविवारचं सांगितलं. तुझ्या बाबांना माझं तिसरं पत्र शुक्रवारी मिळालं होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं, मग तिला वाचायला दिलं आणि स्वतः गॅलरीत जाऊन उभे राहिले. डब्यातली पट्टी मी माझ्यातली दिली होती, तिथे ते हसले म्हणे, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ‘हा घोडा!’ म्हणाले. शनिवारी त्यांनी हृदयाच्या डॉक्टरची वेळ घेतली, मंगळवार सकाळची. कॅलेंडरवर अजून त्याची खूण आहे. मला फोन करायचा होता, पण म्हणाले, ‘दादाला रविवारी संध्याकाळी करतो, निवांत. दीड वर्षाचं बोलायचंय.’

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर ते उशी घेऊन आतल्या खोलीत आले. दोन वर्षांनी. तुझी आई हे सांगताना लाजली नाही आणि मलाही मान खाली घालावीशी वाटली नाही. डब्यातली गोळी त्यांनी कधी घेतली, ते तिला कळलं नव्हतं.

‘खूप हसत होते हो,’ ती म्हणाली. ‘मग एकाएकी उठून बसले. छातीवर हात. मी घाबरले तर मलाच म्हणाले, घाबरतेस काय, दादानं स्पेअर दिलाय.’

खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात बाटली होती. कशी घ्यायची ते आठवेना, म्हणून तिनं माझं दुसरं पत्र काढलं आणि मोठ्यानं वाचलं. बसायचं. एक जिभेखाली. पाच मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरी. गाडी बोलवायची. तिनं सगळं माझ्या अक्षरात लिहिलं होतं तसंच केलं. दुसऱ्या गोळीनंतर ते भिंतीला टेकले ते टेकलेच. गाडीवाल्यांनी विचारलं, काय घेतलं होतं? तिनं बाटली दाखवली. आणखी काही दाखवायचं असतं हे तिला कुठे माहीत होतं?

तुझी आजी भिंतीकडे तोंड करून बसली होती. म्हणाली, ‘तो निदान आत आला.’ तुझ्या आजोबांबद्दल बोलत होती की तुझ्या बाबांबद्दल की दोघांबद्दलही, मी विचारलं नाही.

निघताना तुझी आई दारात थांबली. मी तिला बाई म्हणतो, अहोजाहो करतो, ती माझी जुनी चेष्टा. त्या दिवशी मला ते जमेना.

‘भाऊजी, फोनवर मी विचारलं होतं तुम्हाला. पत्र येईपर्यंत काय? तेव्हा का नाही सांगितलंत?’

‘दुकानात माणसं होती.’

‘किती?’

मी खोटं बोललो नाही. मला नेमकं आठवतं, कोण कुठे उभं होतं तेसुद्धा.

‘सहा,’ मी म्हटलं.

‘सहा,’ ती म्हणाली, आणि चपला घालून जिना उतरली.

तू सव्वीस वर्षांचा आहेस. रक्तातला मेद तपास, बीपी तपास, सिगारेट ओढत असशील तर आजच्या आज सोड. एखाद्या दिवशी लग्न करशील, पुढे कधीतरी, दहा वर्षांनी, वीस वर्षांनी, तुला आत उकडायला लागेल. तेव्हा बाहेरच्या खोलीत अंथरूण घालायच्या आधी मला सांग. मी नसलो तर आईला सांग, तिला आता सगळं ठाऊक आहे. तिच्यासमोर लाजायचं कारण उरलेलं नाही.

शनिवारी संध्याकाळी फोन करतो. तुझ्याभोवती कितीही माणसं असू देत, मी विचारीन.

मोठे काका